वळणावरच्या अपघातात दोष कोणाचा?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर शिक्षणाविषयीच बोलावे, असा रिवाज आहे. मी आज रस्त्यावरच्या एका वळणाविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल. परंतु या सभागृहाबाहेर किती मोटारसायकली उभ्या आहेत आणि त्यांतल्या किती आपल्या मुलांच्या हातात आहेत, हे आपण येताना पाहिलेच असेल. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी शंभरांतील चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. ज्या घरातला मुलगा जातो किंवा अपंग होतो, त्या घराचे शिक्षण, लग्नकार्य, कर्ज, सारे त्या एका क्षणावर येऊन थांबते. म्हणून हा विषयही शिक्षणाचाच आहे, असे मी मानतो.

अपघात झाला की रस्त्यावर जमलेली गर्दी पहिला प्रश्न विचारते, 'चूक कोणाची?' आणि उत्तरही गर्दीच देऊन टाकते. कोणी म्हणतो, 'मोठी गाडी, म्हणजे चूक तिचीच.' दुसरा म्हणतो, 'हल्लीची पोरे भन्नाट वेगाने हाकतात, चूक पोराचीच.' तिसरा खिसे चाचपतो आणि म्हणतो, 'याच्याकडे लायसन कुठे आहे? मग प्रश्नच मिटला.' या तिन्ही उत्तरांना कायद्यात आधार नाही. दोष गाडीच्या आकारावरून ठरत नाही, वयावरून ठरत नाही आणि केवळ खिशातल्या कागदावरूनही ठरत नाही. त्या चार-पाच सेकंदांत कोणी काय केले आणि काय करावयास हवे असताना केले नाही, यावरून तो ठरतो. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. पुढचे सगळे त्याचे स्पष्टीकरण समजा.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. मोटारसायकलवाला बहुधा रस्त्याच्या डाव्या कडेने जातो आणि मोटार त्याच्या उजवीकडून. मोटारीला डावीकडच्या गल्लीत वळायचे असेल, तर तिला मोटारसायकलवाल्याची वाट कापावी लागते. नेमकी येथेच धडक होते. मोटारवाला म्हणतो, 'मी वळत होतो, हा मध्ये घुसला.' मोटारसायकलवाला म्हणतो, 'मी सरळ चाललो होतो, याने आडवी घातली.' दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. मग निवाडा कसा करावयाचा? तीन प्रसंग कल्पून पाहू.

पहिला प्रसंग. मोटारसायकल आपल्या बेताच्या वेगाने कडेने चालली आहे. मागून आलेली मोटार तिला ओलांडते आणि दहा-पंधरा पावलांवर असलेल्या गल्लीत एकदम डावीकडे वळते. इंडिकेटर दिला तोही वळतानाच. येथे मोटारसायकलवाल्याच्या हातात काही राहिलेलेच नाही. ज्याला आपण नुकतेच ओलांडले, तो आपल्या डावीकडेच आहे, हे मोटार हाकणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. वळण्यापूर्वी खूण करणे, आरशात पाहणे आणि वाट मोकळी असल्याची खात्री करणे, ही वळणाऱ्याची जबाबदारी आहे. अशा प्रसंगी दोष बहुतांशी मोटारीकडे जातो.

दुसरा प्रसंग. मोटारीने बऱ्याच आधी इंडिकेटर दिला आहे, वेग कमी केला आहे, ती डाव्या कडेला येऊन हळूहळू वळू लागली आहे. मागून येणारा मोटारसायकलवाला ती मंदावलेली पाहतो, पण थांबण्याऐवजी मोटार आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीतून निसटू पाहतो. पुढच्या वाहनाला उजवीकडून ओलांडावे, हा आपल्याकडचा सर्वसाधारण नियम आहे. येथे तो नियमही मोडला आणि दिसत असलेली खूणही डावलली. दोषाचे पारडे मोटारसायकलकडे झुकते.

तिसरा प्रसंग आपल्या गावांत आणि शहरांत सर्रास दिसतो. डावीकडच्या अरुंद गल्लीत गाडी सहज बसावी म्हणून मोटारवाला आधी उजवीकडे सरकतो, जणू सरळ किंवा उजवीकडे जाणार आहे असे भासवतो, आणि मग डावीकडे वळतो. वळताना रस्त्याच्या शक्य तितक्या डाव्या कडेने वळावे, असा नियम आहे. तो येथे मोडला गेला. मागून येणाऱ्याला डावी बाजू मोकळी दिसली, म्हणून तो पुढे आला, हे समजण्यासारखे आहे. पण चौक जवळ आला असताना त्याने वेग कमी केला नाही, हेही खरे. येथे दोष दोघांत वाटला जातो. कोणाचा किती, हे पुराव्यावर अवलंबून असते.

आता उजव्या वळणाकडे येऊ. समोरून मोटारसायकल सरळ येत आहे आणि मोटार तिच्यासमोरून उजवीकडे वळते. सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे आणि मग वळावे, हे तत्त्व आहे. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून तेथे हाच अपघात डाव्या वळणावर होतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातील ९०० मोटारसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले, शिवाय ३,६०० पोलीस अहवाल अभ्यासले. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. मोटारसायकल आणि दुसरे वाहन यांच्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश टकरींत दुसऱ्या वाहनाने मोटारसायकलचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता. त्यांत पुन्हा पुन्हा आढळणारा प्रकार म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारसायकलपुढे डावीकडे वळलेली मोटार. चालकांना मोटारसायकल दिसलीच नव्हती, किंवा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. मोटारसायकल समोरून बारीक दिसते आणि बारीक वस्तू असते त्याहून दूर वाटते. डोळ्यांची ही फसगत समजून घेतली पाहिजे. परंतु 'मला दिसला नाही' हा कायद्यापुढे बचाव होऊ शकत नाही. पाहणे हेच तर वळणाऱ्याचे काम होते.

मात्र मोटारसायकलवाल्यानेही 'हक्क माझाच होता' एवढ्यावर विसंबू नये. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते, ६० किलोमीटर वेगाने सुमारे १७ मीटर. डोळ्यांनी पाहिले आणि हाताने ब्रेक दाबला, यात सेकंदभर तरी जातोच. त्यापुढे वेग दीडपट झाला, तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर दीडपट न होता सव्वादोनपट होते. म्हणून ज्याचा हक्क होता, त्याचाच वेग भरमसाट होता असे सिद्ध झाले, तर दोषाचा काही भाग त्याच्याकडेही येतो. चौकापाशी वेग कमी करणे हे वळणाऱ्याइतकेच सरळ जाणाऱ्याचेही कर्तव्य आहे.

दोष असा वाटला जातो तेव्हा नुकसानभरपाईचे काय होते? एक उदाहरण देतो. २०१७ साली कोइम्बतूर येथे अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या मोटारीने कोणतीही खूण न करता एकदम ब्रेक लावला. विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या अंगावर गेली. त्याचा पाय कापावा लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२५ साली न्यायालयाने दोषाची वाटणी केली: मोटारचालक ५० टक्के, बसचालक ३० टक्के, विद्यार्थी २० टक्के. पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर ठेवले नाही आणि लायसन नव्हते, या गोष्टी न्यायालयाने विद्यार्थ्याकडे दाखविल्या. पण अपघाताचे मूळ त्या अचानक लावलेल्या ब्रेकमध्ये आहे, हे स्पष्ट केले. याचा अर्थ असा की, स्वतःची थोडी चूक असली म्हणून हक्क बुडत नाही. ठरलेल्या रकमेतून आपल्या चुकीपुरता भाग वजा होतो आणि बाकीची रक्कम मिळते. 'आपल्या पोराचीही चूक होतीच' असे म्हणून हताश होऊन घरी बसणाऱ्या बापाने हे ध्यानात घ्यावे.

लायसनचा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या समाजात सर्वांत अधिक गैरसमज याच बाबतीत आहे. लायसन नसणे हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा वेगळी आहे. परंतु अपघाताला मुलाचे हाकणे कारणीभूत नसेल, तर केवळ लायसन नव्हते म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. दुचाकीवरच्या एका अल्पवयीन मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असेच सांगितले आहे. मोटारसायकलवर तिघे बसणे हाही गुन्हाच. पण दिल्लीत २००८ साली झालेल्या एका अपघातात, जेथे मागून येणाऱ्या मोटारीने धडक दिली होती, तिघे बसले होते म्हणून कापलेली १० टक्के रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली परत मिळवून दिली. न्यायालयाचे तत्त्व सरळ आहे: नियम मोडला हे पुरेसे नाही, नियम मोडल्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते. अर्थात हाकण्यातही चूक असेल, तर लायसन नसणे त्या चुकीच्या जोडीला येऊन बसते, हे कोइम्बतूरच्या निकालावरून दिसतेच.

मागे बसलेल्याचे काय? समजा, मित्र हाकत होता, मुलगा मागे बसला होता आणि मोटारवाला व मित्र दोघेही चुकले. मागे बसणाऱ्याने गाडी हाकलेलीच नाही, म्हणून हाकणाऱ्याची चूक त्याच्या माथी मारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ सालच्या निकालानुसार तो आपली संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. त्या दोघांनी आपसातली वाटणी नंतर पाहावी.

आता पुराव्याविषयी. दोष ठरतो तो शब्दांवरून कमी आणि खुणांवरून अधिक. मोटारीला मार कोठे बसला? डाव्या पुढच्या चाकाजवळ बसला असेल आणि मोटारसायकलची उजवी बाजू घासली असेल, तर दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी होत्या, असे अनुमान निघते. मोटारसायकलचे पुढचे चाक मोटारीच्या डाव्या मागच्या दारात घुसले असेल, तर मोटार बरीचशी वळून झाली होती, असे दिसते. टायरच्या घसटण्याच्या खुणा, फुटलेल्या काचेचे तुकडे कोठे पडले, गल्लीचे तोंड किती अंतरावर आहे, रस्त्यावर दिवा होता की नाही, हे सर्व घटनास्थळाच्या पंचनाम्यात आले पाहिजे. पण पंचनाम्यात गाड्या कशा उभ्या दाखविल्या आहेत, एवढ्यावरूनच चूक कोणाची हे सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले आहे. धडकेनंतर गाड्या फेकल्या जातात, फिरतात, लोक त्या बाजूलाही करतात. म्हणून प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराचे मोल मोठे आहे.

तेव्हा अपघात झाल्यास प्रथम जखमीला रुग्णालयात पोहोचवावे, भांडण नंतर. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, असे संरक्षण कायद्याने दिलेले आहे, त्यामुळे पुढे होण्यास भिऊ नये. बरोबरच्या एखाद्या शहाण्या माणसाने गाड्या हलविण्यापूर्वी मोबाईलवर चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पाहणाऱ्या दोघा-तिघांची नावे आणि फोन नंबर लिहून घ्यावेत. चौकातल्या दुकानावर कॅमेरा असेल, तर त्याच दिवशी पोलिसांच्या नजरेस आणावा, कारण काही दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते. फिर्यादीत जे घडले तेच लिहावे. 'भरधाव वेगाने, निष्काळजीपणे' हे ठराविक शब्द सगळेच लिहितात. त्यांच्या जागी 'इंडिकेटर न देता, मला ओलांडून, अमुक गल्लीत डावीकडे वळला' असे नेमके लिहिले तर ते शेवटपर्यंत उपयोगी पडते. वेग कमी नव्हता तर कमी होता असे लिहू नये. एक खोटे उघडे पडले की नऊ खऱ्यांवरचा विश्वास उडतो.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगितले पाहिजे. फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर मात्र कोणती हकीकत अधिक संभवनीय आहे, एवढेच पाहिले जाते. म्हणून चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी भरपाईचा दावा तेवढ्याने संपत नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांच्या आत पहिला अहवाल आणि ९० दिवसांच्या आत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. त्याच दिवसापासून दावा दाखल करण्यास सहा महिन्यांची मुदत कायद्यात पुन्हा आली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर राहू नये. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो, अपघात परगावी झाला म्हणून तेथे खेपा घालण्याची गरज नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. शिवाय दोषाचा वाद न घालताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये मागता येतात.

हे सारे असताना आपल्याकडे काय होते? रुग्णालयाच्या व्हरांड्यातच दोन्ही बाजूंची वडीलधारी मंडळी जमतात. 'झाले ते झाले, पोलीस-कचेरी कशाला?' असे म्हणत वीस-पंचवीस हजारांवर समझोता होतो, स्टँपपेपरवर सही होते. समझोता वाईट असे मी म्हणणार नाही. आपसातले वैर मिटावे हे चांगलेच. पण मोडलेल्या पायात पट्टी घालायची की तो कापायचा, हे डॉक्टरांनाही ज्या दिवशी ठाऊक नसते, त्या दिवशी त्या पायाची किंमत ठरविणे हा समझोता नव्हे. भरपाई बहुधा समोरच्या माणसाच्या खिशातून जात नाही, त्याने उतरविलेल्या विम्यातून जाते. त्याच्यावर दया दाखविण्याच्या भरात आपण विमा कंपनीचा पैसा वाचवितो आणि आपल्या मुलाचा उपचार बुडवितो. तडजोडच करावयाची असेल, तर उपचार संपल्यावर, लोकअदालतीत, हिशेबाने करावी.

आता पालकांना दोन शब्द, थोडे कडू लागतील. अठरा वर्षांखालील मुलाला गिअरची मोटारसायकल चालविण्याचा अधिकार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९क आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. आपल्या नकळत मुलाने गाडी नेली, आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असेल, तर ते सिद्ध कसे करणार? शिवाय त्या मुलाच्या हातून दुसऱ्या कोणाला इजा झाली आणि विमा कंपनीने भरपाई दिली, तर ती रक्कम कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे मुलगा जखमी झाला तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहू शकतो, पण त्याच्या हाती किल्ली देणाऱ्या बापाला तो सोडत नाही. दहावीच्या निकालाची बक्षिसी म्हणून मोटारसायकल देण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी आज रात्री यावर शांतपणे विचार करावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. चौक किंवा गल्लीचे तोंड जवळ आले की पुढच्या मोटारीच्या डाव्या बाजूला कधीही राहू नका. तिच्या आरशात तुम्हांला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असे समजा. पुढची मोटार विनाकारण मंदावली, तर ती वळणार असे धरून चला, इंडिकेटर असो वा नसो. समोरून वळू पाहणारी गाडी दिसली, तर तिने आपल्याला पाहिले असे गृहीत धरू नका. डोक्यावर हेल्मेट घाला, पट्टा आवळून घाला. न्यायालयात दोष दुसऱ्याचा ठरला, तरी गेलेला पाय परत येत नाही.

आणि उद्या तुमच्यापैकी कोणी मोटार हाकेल, कोणी वकील होईल, कोणी पोलीस अधिकारी, कोणी न्यायाधीश. त्या वेळी रस्त्यावरच्या गर्दीसारखे उत्तर आधी आणि चौकशी नंतर असे करू नका. आधी पाहा, मोजा, विचारा, आणि मग बोला. आपल्या मुलाची चूक नसेल तर ती कोणी सांगितली म्हणून पत्करू नका, आणि असेल तर ती दुसऱ्यावर ढकलू नका. जेवढा आपला दोष तेवढाच मान्य करणे आणि जेवढा आपला हक्क तेवढाच मागणे, एवढी शिस्त आपल्या मुलांना लागली, तर या संस्थेने दिलेले शिक्षण सार्थकी लागले असे मी म्हणेन.